फोटोची पाठ

१९९३च्या डिसेंबरात माझी मावसबहीण न्यू जर्सीहून पुण्याला आली. तिच्या बॅगेत बदाम, शांपू आणि चॉकलेटं यांच्या जोडीला एक कॅसेट होती. दाजींनी घरातल्या रेकॉर्डवरून भरलेली. वेष्टणावर निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं: 'लिऑन – जुनी गाणी'. रात्री जेवणं झाल्यावर मी ती टू-इन-वनमध्ये घातली आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं जागचा हललो नाही. जाड, खर्जातला आवाज. दुपारच्या झोपेतून नुकता उठलाय आणि अजून तोंडही धुतलेलं नाही, असा. मागे बोटांनी छेडलेली गिटार, मधूनच क्लॅरिनेट, आणि म्हशीने डबक्यात बैठक मारावी तसा ऐसपैस बसलेला ट्यूबा. कुठे कुठे तर हा गडी तोंडानेच ट्रॉम्बोन काढत होता.

मी धरून चाललो की हे १९२५-३० सालचं ध्वनिमुद्रण आहे आणि गाणारा केव्हाच मातीआड झालाय. त्यानंतर दहा-अकरा वर्षं मी तेच ठोकून सांगत होतो. घरी कुणी आलं की कॅसेट लावायची आणि "युद्धापूर्वीचं आहे बरं का" म्हणायचं. एका मित्राने एकदा विचारलं, मग रेकॉर्डची खरखर कुठे गेली? मी बेधडक म्हणालो, "अमेरिकेत साफ करतात."

२००४च्या सुमारास सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून मी त्या लिऑनचा माग काढला. लिऑन रेडबोन. पहिली रेकॉर्ड १९७५ची. गायक हयात, गाण्याचे दौरे चालू. म्हणजे मी ज्याला आजोबांच्या पिढीत बसवला होता, तो माझ्यापेक्षा फार तर दहा-पंधरा वर्षांनी मोठा असणार. 'असणार' म्हणतो, कारण खरं वय तिथेही कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. १९७४ साली अमेरिकेचा नामांकित गायक बॉब डिलन याने एका मुलाखतीत या माणसाबद्दल सांगितलं होतं की, कुणी पंचवीसचा म्हणतं, कुणी साठचा, आणि दीड फुटावर उभं राहून पाहिलं तरी पत्ता लागत नाही. त्या वेळी रेडबोनची एकही रेकॉर्ड निघालेली नव्हती. टोरांटोतल्या छोट्या क्लबांत आणि लोकसंगीताच्या मेळ्यांत तो गायचा. आपली स्वतःची कंपनी असती तर याला करारात घेतलं असतं, असंही डिलन म्हणाला होता. पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने रेकॉर्ड काढली. तिच्या मुखपृष्ठावर गायकाचा चेहरा नाहीच. तिथे आहे वॉर्नरच्याच व्यंगपटातला उंच हॅटवाला, गाणारा बेडूक.

मला राग यायला हवा होता. आला नाही. फसवलं म्हणावं तर कुणी फसवलं होतं? भाऊबंदांत एखादा काका असतो ना, आजोबांचा कोट आणि आजोबांचीच काठी घेऊन लग्नाला येणारा, तसं वाटलं.

मे २०१९मध्ये तो गेला. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत. त्याच्या संकेतस्थळावर घरच्यांनी निवेदन टाकलं, त्यात वय लिहिलं होतं १२७. मृत्युलेखांनी मात्र जन्मसाल छापलं: १९४९. गाव निकोसिया, सायप्रस. घराणं आर्मेनियन, मूळ नाव डिक्रान गोबालियन. १९६१मध्ये कुटुंब लंडनला गेलं, साठीच्या दशकाच्या मध्यावर टोरांटोला, आणि तिथे त्याने रीतसर नाव बदलून घेतलं. अमेरिकेच्या दक्षिणेतली, मिसिसिपीकाठची जुनी गाणी तिथलाच म्हातारा असल्यासारखी गाणारा हा माणूस भूमध्य समुद्रातल्या बेटावर जन्मलेला. आणि डिलनच्या मुलाखतीतला पंचवीसचा आकडा जवळजवळ बरोबर होता.

त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात आलं की आपल्याकडे याचा एक फोटो हवा. इंटरनेटवरून उतरवून छापलेला नको. त्या काळातला, एखाद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत वापरलेला हवा. बायको म्हणाली, "गाणाऱ्याचा आवाज आहे की घरात, चेहऱ्याचं काय करणार?" मला चेहरा नकोच होता, फोटोची पाठ हवी होती. पण हे तिला त्या वेळी नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो.

मी १९८६ ते २००९ एका मराठी दैनिकाच्या पेस्टिंग विभागात होतो. नव्या लोकांना हा शब्द ठाऊक नसेल. संपादकीयातून मजकूर टाइपसेटिंगला जायचा, ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोकागदाच्या, पट्ट्या होऊन आमच्याकडे यायचा, आणि आम्ही लाइट टेबलावर ब्लेडने कापून, रबर सोल्यूशनने चिकटवून पान लावायचो. फोटो आला की त्यावर बटर पेपर ठेवायचा, कुठून कुठवर घ्यायचा ते आखायचं, दोन कॉलम की तीन ते लिहायचं, मूळ फोटोच्या किती टक्के करायचा तो आकडा टाकायचा, आणि छपाईची फिल्म काढणाऱ्या प्रोसेस कॅमेऱ्याकडे धाडायचा. काम झालं की फोटोच्या पाठीवर तारखेचा शिक्का. म्हणजे महिन्याभरात तोच फोटो पुन्हा पहिल्या पानावर जायला नको. पुढाऱ्यांच्या बाबतीत हा नियम कुणी पाळत नसे. एका आमदारांचा दाट केसांचा एकच फोटो आम्ही अकरा वर्षं चालवला. मधल्या काळात त्यांचं डोकं पार उघडं पडलं होतं.

अमेरिकेतल्या दैनिकांचीही रीत हीच, फक्त पसारा मोठा. तिथे प्रत्येक दैनिकाचं स्वतःचं फोटोंचं ग्रंथालय असायचं. पत्रकारांच्या बोलीत त्याला चक्क 'शवागार' म्हणत. नावावार पाकिटं, पाकिटात ८ बाय १० इंचांचे फोटो. काही त्यांच्या छायाचित्रकारांनी काढलेले, काही वृत्तसंस्थेकडून तारेवर आलेले, आणि काही रेकॉर्ड कंपन्यांनी प्रसिद्धीसाठी गठ्ठ्याने वाटलेले. सगळं संगणकावर गेल्यावर बऱ्याच दैनिकांनी ही पाकिटं विकून टाकली. ती व्यापाऱ्यांकडे आली आणि व्यापाऱ्यांकडून एकेक करून लिलावाच्या संकेतस्थळांवर. अशा जागी लिऑन रेडबोनचं नाव टाकलं की दर महिन्याला दोन-चार फोटो हमखास दिसायचे, दहा ते तीस डॉलरांच्या दरम्यान. डिलनचा फोटो घ्यायला गेलात तर किडनी विकावी लागेल. आमच्या माणसाचा मात्र परवडणारा.

पहिला व्यवहार फसला. नऊ डॉलर, वर्णनात 'जुना', 'वृत्तपत्रीय', 'मूळ' असे सगळे शब्द होते. विक्रेता भारतात पाठवत नव्हता, म्हणून पत्ता न्यू जर्सीच्या ताईचा दिला. तिच्या मुलाचा मित्र पुण्याला येणार होता, त्याच्याबरोबर तो आला. आपल्याकडे 'येणाऱ्याबरोबर' ही टपालाची सगळ्यात भरवशाची शाखा आहे, फक्त येणारा कधी येणार हे येणाऱ्यालाही माहीत नसतं. चार महिने लागले.

पाकीट उघडलं, फोटो उलटा केला आणि माझं तोंड पडलं. पाठ पांढरीशुभ्र. ना शिक्का, ना पेन्सिल, ना डाग. तरी म्हटलं खात्री करू. प्लेट तपासायचं जुनं दहापटीचं भिंग अजून माझ्या टेबलाच्या खणात असतं. ते फोटोवर टेकवलं. सूटच्या राखाडी रंगात निळे, गुलाबी, पिवळे बारीक थेंब दिसले, होळीत कुणी लांबून पिचकारी मारावी तसे. खऱ्या काळ्या-पांढऱ्या फोटोत थेंब नसतातच. चांदीचे अतिसूक्ष्म कण जिलेटिनच्या थरात असतात आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची छटा सलग उतरत जाते. हा कुणीतरी घरच्या प्रिंटरवर काढलेला. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखालीही फोटो धरून पाहिला, कागद चमकला. पण ही कसोटी इथे कामाची नव्हती. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं १९५०नंतरच्या फोटोकागदांत आलेलीच होती, त्यामुळे रेडबोनच्या काळातला अस्सल फोटोही चमकू शकतो. चाळीस सालचा म्हणून विकलेला कागद चमकला, तर मात्र विक्रेत्याला जाब विचारावा. माझ्या बाबतीत भिंगाने निकाल लावला. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. नऊ डॉलर गेले. तो कागद आता शब्दकोशात खूण म्हणून असतो.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. दोन्ही बाजूंची छायाचित्रं दिलेली असतील तरच बघायचं. आठ महिने नुसता बघत राहिलो. आणि मग एक दिसला. पुढून नेहमीचा रेडबोन: पांढरी पनामा हॅट, काळा चष्मा, झुपकेदार मिशी, बारीक टाय, मांडीवर गिटार. खाली पांढऱ्या पट्टीत नाव आणि कंपनी. आणि पाठ! पाठ म्हणजे पंढरीच्या बडव्याची वही. शिक्के, आकडे, चिकटवलेलं कात्रण, तपकिरी डाग. सोळा डॉलर. मी रात्री दीड वाजता बटण दाबलं.

या वेळी ताईला आधीच कामाला लावलं. पाकीट पोचल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला.

"अरे, हा कोण आंधळा माणूस?"

"आंधळा नाही गं, तसाच चष्मा घालायचा. फोटो तिरका धर. खिडकीकडे."

"धरला."

"कडेला आरशासारखी निळसर झाक दिसते का?"

"दिसते. खराब आहे म्हणू नकोस आता, सोळा डॉलर दिलेत."

"खराब नाही, चांदी वर आलीय. चांगलं लक्षण. आता पाठीवर हळूच बोट फिरव. कागदासारखं लागतंय की प्लास्टिकसारखं?"

"प्लास्टिकसारखं. म्हणजे खोटा?"

नव्हता. त्या काळात तंतुमय कागद मागे पडून दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असलेला कागद रुळत होता, कारण तो झटपट धुतला जायचा आणि झटपट वाळायचा. वर्तमानपत्रांना आणि रेकॉर्ड कंपन्यांना आणखी काय हवं? हे सगळं मी ताईला समजावत असताना पलीकडून दाजी म्हणाले, "त्याला सांग, ही कॅसेट मीच भरून दिली होती. कमिशन काढ."

फोटो माझ्या हातात यायला पुढचे सात महिने गेले. करोना चालूच होता, 'येणारे' सगळे जिथे होते तिथेच राहिले. ताईने तो पुठ्ठ्यांच्या मधे घालून भगवद्गीतेच्या जाड प्रतीखाली ठेवला होता.

शेवटी २०२१च्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, हात धुऊन, कोरडे करून, सुती हातमोजे घालून मी तो टेबलावर घेतला. बायको म्हणाली, "सत्यनारायण आहे का?"

आधी पुढची बाजू. विक्रेत्याच्या छायाचित्रात दिसलं नव्हतं ते आता दिसलं. हॅट पांढरी, मागची भिंतही जवळजवळ पांढरी. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, आणि त्यावर फोटो ठिपक्यांत फोडायला इंचाला पासष्ट ते पंच्याऐंशी ओळींची जाळी वापरतात. तेवढ्या जाड्याभरड्या ठिपक्यांत पांढऱ्यावर पांढरं टिकत नाही. छापल्यावर हॅट गायब होऊन कपाळापासूनचं तोंड हवेत तरंगलं असतं. म्हणून त्या दैनिकातल्या कुणीतरी हॅटच्या कडेने भिंतीवर राखाडी रंगाचा फवारा मारला होता. किती सफाईदार! कडेवर एक केसही इकडेतिकडे नाही. डाव्या बाहीची रेघ मात्र ब्रशने ओढलेली, आणि तिथे हात जरासा हलला होता. आमच्याकडेही एक आर्टिस्ट होते, दुपारी साडेचारला चहा घेतल्याशिवाय ब्रश हातात धरत नसत, कारण त्याआधी हात थरथरायचा. ती बाही बघून मला वाटलं, हे काम चहाच्या आधीचं.

मग उलटा केला. वरच्या कोपऱ्यात शिक्का, १९७७चा. त्याखाली कात्रण. दोन कॉलमांचा फोटो आणि चार ओळींचा मजकूर, चहाच्या रंगाचं झालेलं. खालचं रबर सोल्यूशन तपकिरी होऊन बाहेर ओघळलेलं. मी नाक जवळ नेलं. तीस वर्षांपूर्वीचा पेस्टिंग विभाग क्षणभर नाकात येऊन गेला असं म्हणायला आवडलं असतं, पण वास कसलाच आला नाही. पुढच्या बाजूच्या कडेवर मेणाच्या लाल पेन्सिलीने दोन खुणा, इथून इथवर. पाठीवर गोलात ५१. म्हणजे मूळच्या एक्कावन्न टक्के, दोन कॉलम. मी सवयीने पट्टी काढून मोजलं. बरोबर बसलं.

दुसरा शिक्का १९८१चा. त्याच्या शेजारी गोलात २६. एक कॉलम. तिसरा १९८५चा. तिथे आकडाच नाही, नुसतं अर्धा कॉलम असं लिहिलेलं, आणि पुढच्या बाजूला निळ्या खुणा इतक्या जवळजवळ, की गिटार बाहेर, खांदे बाहेर, फक्त हॅट, चष्मा आणि मिशी.

तासभर मी ही पाठ वाचत बसलो. १९७६ साली हा माणूस 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमाच्या पहिल्याच वर्षात दोनदा दिसला होता आणि देशभर माहीत झाला होता. १९७७मध्ये दुसरी रेकॉर्ड निघाली. तेव्हाचे हे दोन कॉलम. १९७९च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियात त्याचं छोटं विमान कोसळलं. तो वाचला, आणि त्यानंतर गावोगावच्या कार्यक्रमांना मोटारीनेच जायचा. १९८५मध्ये तो एका दूरचित्रवाणी मालिकेचं शीर्षकगीत गात होता, जाहिरातींना आवाज देत होता. अपघाताच्या आधी आणि नंतर, बहराच्या दिवसांत आणि ओसरतीच्या दिवसांत, त्या दैनिकाने एकच फोटो लावला. नवा मागवायची गरजच पडली नाही, कारण नव्या फोटोतही तीच हॅट, तोच चष्मा, तीच मिशी असणार. पुढच्या बाजूला आठ वर्षांत काही घडलेलंच नाही. एक्कावन्नाचे सव्वीस झाले आणि सव्वीसाचा अर्धा कॉलम झाला, ते फक्त मागे लिहिलंय.

आमच्या आमदारांच्या फोटोच्या पाठीवरही असेच शिक्के होते. तो आता कुठे असेल याचा विचार आला आणि मन खट्टू झालं. आमची कचेरी नव्या इमारतीत गेली तेव्हा फोटोंची चार लोखंडी कपाटं कुणालाच नको होती. रद्दीवाल्याला बोलावलं. त्याने एक पाकीट उघडून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हा कागद चालत नाही, ह्याचा लगदा होत नाही." त्याने ते फुकटही नेले नाहीत. शेवटी महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत गेले. त्या दिवशी मी तीन फोटो शर्टाच्या आत घालून घरी आणले: एक पालखीचा, एक कुस्तीचा, एक पानशेतच्या पुरानंतरच्या लकडी पुलाचा. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही एकमेव चोरी, आणि आणखी केली नाही याचंच वाईट वाटतं.

तेव्हापासून मी आपल्याकडच्या एका माणसाचा असा फोटो शोधतोय. चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, १९१६ साली गोव्यात हळदोण्याला जन्मलेला ट्रम्पेटवादक. मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. संध्याकाळी हॉटेलांत जॅझ, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर, यांच्या कामात त्याचा मोठा हात होता, आणि १९५१च्या 'अलबेला'त तो वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. १९६७मध्ये गेला. त्याचे फोटो आहेत, घरच्यांनी आणि संग्राहकांनी जपलेले. पण एखाद्या मुंबईच्या दैनिकाचा शिक्का मारलेला, लाल पेन्सिलीने आखलेला, 'दोन कॉलम' लिहिलेला? चोरबाजारात तीन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेत जुना अमेरिकन गायक जिमी रॉजर्स याची, कलकत्त्याजवळ डमडमला छापलेली ७८ची तबकडी मिळाली, तडा गेलेली. रेडबोन याच रॉजर्सची गाणी गायचा, म्हणून घेतली. फोटो नाही मिळाला. तिथल्या एका दुकानदाराला समजावून सांगितलं तर म्हणाला, "पाठीवर लिहिलेले फोटो आम्ही घेतच नाही, गिऱ्हाईक खराब म्हणतं."

असो. आलेल्या फोटोचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेत ओल असते. आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की जिलेटिनवर बुरशी धरते, आणि जिलेटिन म्हणजे बुरशीचं पक्वान्न. डांबराच्या गोळ्या कपड्यांना ठीक, फोटोच्या वाऱ्यालाही नकोत. बाजारात मिळणाऱ्या चकचकीत प्लास्टिकच्या पिशव्या बऱ्याचदा पीव्हीसीच्या असतात. दोन पावसाळ्यांत त्या फोटोच्या चेहऱ्याला चिकटतात आणि काढताना चेहरा घेऊन निघतात. मी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं मागवली, आम्लरहित पुठ्ठा घेतला आणि फोटो गोदरेजच्या कपाटात मधल्या फळीवर ठेवला. तळाशी फरशीची ओल, वर पत्र्याचा ताप, म्हणून मधे. कात्रण सोडवायचा मोह झाला होता, कारण जुन्या वर्तमानपत्री कागदातलं आम्ल फोटोला हळूहळू खातं. पण ते काढलं तर उरलं काय? राहू दिलं.

मधेच एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला आणि वर म्हणाले, "फोटो तुमच्याकडेच आहे ना? छापून टाकू." मी नाही म्हटलं. कागद माझा आहे, चित्र नाही. सोळा डॉलरमध्ये प्रत मिळाली. छापायचा हक्क ज्याने फोटो काढला किंवा काढवून घेतला त्याच्याकडे. त्यांना हे फार पटलं नाही. लेखाच्या जागी बेसनाच्या लाडवांची जाहिरात गेली.

मग गेल्या वर्षी साठीशांतीच्या निमित्ताने मुलीने ठरवलं की बाबांचा तो फोटो भिंतीवर लागला पाहिजे. पेठेतल्या एका फ्रेमवाल्याकडे गेलो. दुकानात दत्त, स्वामी समर्थ, शिवराज्याभिषेक, आणि एका कोपऱ्यात स्वर्गवासी मंडळी. मुलगा तरुण, वडिलांच्या गादीवर नुकता बसलेला. त्याने फोटो घेतला, उलटा केला आणि शेजारचा गोंदाचा डबा उघडला.

"थांब! काय करतोस?"

"हार्डबोर्डला चिकटवतो काका. नाहीतर फुगतो पावसात."

मी तो डबा हाताने बंद केला. त्याला सांगितलं की चिकटवायचं काहीच नाही. चारी कोपऱ्यांना कागदी खाचा करायच्या, फोटो त्यात नुसता अडकवायचा, वर खिडकी कापलेला पुठ्ठा, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही. आणि मागेही काच हवी.

"मागे काच?"

"हो. पाठ दिसली पाहिजे."

"मागच्या बाजूला कोण बघणार काका? तिकडे भिंत असते."

मुद्दा बिनतोड होता. अर्धा तास आमची खलबतं चालली. त्याने शेवटी एक युक्ती काढली: फ्रेमच्या डाव्या बाजूला दोन बिजागऱ्या. दाराच्या फळीसारखी ती भिंतीला लागेल, आणि हवं तेव्हा उघडून पाठ बघता येईल. देवघराची दारं तो तशीच करायचा. सतराशे रुपये सांगितले. फोटोला लागले त्यापेक्षा जास्त, पण मी घासाघीस केली नाही.

पावती लिहिताना त्याने विचारलं, "वर हाराला दोन हुक देऊ का?"

"नको रे, तसं नाही."

"गेले नाहीत का हे?"

"गेले. २०१९ला."

"वय काय होतं?"

मी जरा थांबलो. "एकशे सत्तावीस."

त्याने पेन खाली ठेवलं, फोटो पुन्हा सरळ केला आणि हॅट, चष्मा, मिशी असा वरून खाली पाहत गेला. चेहऱ्यावर खरोखरचा आदर होता.

"कुठल्या गावचे?"

मी स्टूल ओढून बसलो. म्हटलं, "ते जरा लांबचं आहे. आधी दोन चहा सांग."